दहा दाणे

उद्यमबागेत, बंद पडलेल्या एका कँटीनच्या गच्चीवर
आमचं यंत्र आहे. पत्र्याची टोपी, आत मोटार,
आणि दिवसभर हवा ओढत बसायचा धंदा.
सकाळी सहाला मी शिडी चढते,
कालचा कागद काढते, आजचा घालते.
घालते तेव्हा तो जत्रेला काढलेल्या धोतरासारखा पांढरा.
काढते तेव्हा
रंग नीट सांगता येत नाही.
करडा म्हणावा तर त्यात तपकिरी आहे,
तपकिरी म्हणावा तर त्याला वास आहे:
भट्टीच्या वाळूचा, डिझेलचा,
कुणीतरी रात्री पेटवलेल्या पाचटाचा.

फॉर्म कन्नडमध्ये. बसलिंगाप्पानं शिकवला मला,
एकेक रकाना, बोट ठेवून.
धुराला त्याच्याकडे होगे म्हणतात.
धुळीला धूळु.
"धुरावरनं भांडू या अक्का," तो म्हणाला, "धूळ एकच आहे."
आणि स्वतःच हसत शिडी उतरला.

रकाना चौथा: उगम.
इथं मी दर वेळी अडते.
पाचट चिकोडीकडचं की कागलकडचं,
वीटभट्टी खानापूरची की आमच्याच मागच्या गल्लीतली,
कागद बोलत नाही.
साहेब म्हणतात, मिश्र लिही.
मी मिश्र लिहिते.
आई गडहिंग्लजची, शाळा कानडी, हिशेब मराठीत.
माझ्याही नावापुढे तेच बसेल.

धारवाडला ट्रेनिंग झालं दोन दिवस.
काळा कण ऊन गिळतो, मॅडम म्हणाल्या,
गंधकाचा कण ऊन परत धाडतो.
एक तापवतो, दुसरा झाकून ठेवतो.
"मग बेरीज काय?" मी विचारलं.
मॅडम खडू हातात घेऊन थोडा वेळ थांबल्या.
मग ढगाकडे वळल्या.
थेंबाला बसायला एक कण लागतो.
कण फार झाले
तर पाणी तेवढंच, वाटेकरी ढीगभर.
हे मला फळ्याशिवाय कळलं.
आमच्या अकरा गुंठ्यांचं असंच झालं होतं:
चार भाऊ, मग त्यांची पोरं,
शेवटी अशा पट्ट्या पडल्या की औत वळेना.
वर ढगातसुद्धा वाटणी होते तर.
थेंब इतके बारके, की पडायला वजन पुरत नाही,
आणि ढग मच्छ्यावरून, पिरनवाडीवरून
भरल्या घागरीसारखा निघून जातो,
न सांडता.

येळ्ळूरची मावशी सांगते,
भात निसवताना रात्र गार लागते.
आता धुकं दहापर्यंत असतं, गारवा नसतो त्यात.
तांदूळ शिजतो, शेजारणीला कळत नाही.
हे मी एकदा 'शेरा' खाली लिहिलं होतं.
साहेबांनी खोडलं. रागावले नाहीत,
खोडण्याआधी दोनदा वाचलं.

बेंगळूरला जाते ती सरासरी.
पहाटे चारला कारखान्याची भट्टी पेटते,
तेव्हा गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद होतात.
सरासरीत पहाटेचे चार वाजत नाहीत.

कागद एक रात्र बरणीत वाळवायचा, मग तोलायचा.
गेलेलं वजन, आलेलं वजन, वजाबाकी.
परवाचं भरलं एकोणीस शतांश ग्रॅम.
आकडा हाताला लागेना,
म्हणून घरचा बासमती नेला रुमालात
आणि काट्यावर एकेक टाकत गेले.
दहा दाणे.
चिमणीला टाकले तर चिमणी माझ्याकडेच बघेल.
एका दिवसाचे. एका गच्चीवरचे.

बाबा एकतीस वर्षं मोल्डिंगला होते.
भरमा हलगेकर म्हटलं की अजून फाउंड्रीत मान वळते.
संध्याकाळी विचारतात, "किती भरलं गं?"
काट्यावरच्या उसाचं विचारावं तसं.
मी सांगते.
"कमीच की," म्हणतात,
आणि खोकतात,
आणि टॉवेल पाठीमागे धरतात,
मी तोही तोलीन म्हणून.